बसायचा स्पीकर

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला एक ऋतू जास्तीचा मिळतो. पाऊस ओसरलेला असतो, थंडी यायची असते, आणि मधल्या त्या तापलेल्या दिवसांत बोनस येतो. आमच्या काळी तो आधी कानांवर यायचा. कंपनीच्या गेटाशी, चहाच्या गाडीवर, पिंपरी स्टेशनच्या पुलावर एकच प्रश्न असे, "यंदा किती टक्के म्हणतात?" जो तो शेजाऱ्याच्या कंपनीचा आकडा सांगून आपल्या कंपनीला शिव्या घाली. भाजीवाली उधारी देताना हसायला लागली की समजायचं, बोनस जवळ आला.

आता मुलाचा बोनस मोबाइलवर येतो, एवढीशी टिंग करून. यंदा तो आला आणि नितीन मला पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीजवळच्या एका दुकानात घेऊन गेला. थंडगार काचेची खोली, मऊ खुर्च्या आणि समोर माणसाच्या उंचीचे दोन काळेभोर स्पीकर. किंमत विचारली तर एका लहान मोटारीएवढी. दुकानदाराने दिवे मंद केले, गाणं लावलं. गाणारी बाई जणू माझ्या शेजारी येऊन बसली. तिने श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"कसं वाटलं, आजी?" दुकानदाराने विचारलं.

"फार सुंदर," मी म्हटलं. "पण ह्याच्यावर बसता येतं का?"

तो बिचारा गोंधळला. नितीन मात्र मोठ्याने हसला. त्याला ठाऊक होतं मी कुठल्या स्पीकरबद्दल बोलतेय ते. आमच्या घरातला पहिला स्पीकर बसायचाच होता.

ही सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. लग्न होऊन मला दोन वर्षं झाली होती. श्रीरामपूरकडून मी पिंपरीत आले ती रुळांच्या पलीकडच्या दोन खोल्यांत. वर पत्रा, पुढे हातभर ओटा. घरात आम्ही चौघं. माझे यजमान विलास चिंचवडच्या एका कंपनीत फिटर होते. सासूला मी आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना सगळ्यांसारखं आण्णा. मी स्वतः भोसरीला एका लहानशा कारखान्यात लागले होते. सभा-मिरवणुकांना लागतात ते अॅम्प्लिफायर तिथे बनायचे. आम्ही अकरा बायका एका लांब टेबलाशी बसून सोल्डरिंग करायचो. राळेचा धूर नाकात जायचा, गरम थेंब बोटावर पडायचा, आणि दिवसभर आमच्या तोंडाचा पट्टा चालू. संध्याकाळी घरी आले की आत्या म्हणायची, "आली गं देवळातली उदबत्ती." राळेचा तो वास केसांतून दोन दिवस जायचा नाही. मला तो आवडायचा. माझ्या पगाराचा वास होता तो.

आण्णा हॅमर शॉपला होते. इकडे कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या तेव्हा ते गावाहून आले आणि तिथेच चिकटले. लालबुंद लोखंडावर यंत्राचा घण पडायचा आणि आजूबाजूची जमीन हलायची. कानात कापसाचे बोळे, एवढाच काय तो बंदोबस्त. पंधरा-सोळा वर्षांत कान गेले. अगदी सगळे नाहीत. कुणी जवळ येऊन ओरडलं तर कळायचं. पण चिमणीची चिवचिव, भांड्याला भांडं लागल्याचा आवाज, आत्याची हाक हे सगळं त्यांच्यासाठी बंद झालं होतं.

दुसऱ्या कुणाचे कान गेले असते तर इतकं वाईट वाटलं नसतं. आण्णा गाणारे होते. वस्तीच्या गायन पार्टीचे ते म्होरके. जयंतीला त्यांचं गाणं ऐकायला देहूरोडपासून माणसं यायची, असं विलास सांगायचे. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी जयंतीला ते शेवटचं गायले. मी समोर बायकांत बसले होते. पेटीचा सूर एकीकडे आणि आण्णांचा गळा दुसरीकडे. त्यांना ते कळत नव्हतं. कोणी हसलं नाही. सगळी माणसं माना खाली घालून बसली, आणि त्या खाली गेलेल्या माना आण्णांनी पाहिल्या. गाणं अर्ध्यावर थांबवून ते उठले. घरी येऊन त्यांनी पेटी फडक्यात बांधली आणि पत्र्याखालच्या आडव्या वाशाला टांगून ठेवली. त्यानंतर ते फार बोलेनासेही झाले.

आमच्या कारखान्याचे मालक करंदीकर साहेब आवाजाचे वेडे होते. अॅम्प्लिफायर तपासताना ते डोळे मिटायचे. त्यांच्या भावाने जर्मनीहून जहाजाने काय काय पाठवलं होतं आणि निगडीच्या प्राधिकरणातल्या नव्या बंगल्यात ते सगळं मांडून झालं होतं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाल्यावर साहेब म्हणाले, "आज दुपारी सगळ्यांनी माझ्याकडे यायचं. घरच्यांनाही आणा. आपण जे बनवतो ते पुढे कुठवर जाऊ शकतं ते ऐकून तर बघा."

विलासची दुसरी पाळी होती. आण्णांना सुट्टी होती आणि ते नेहमीसारखे ओट्यावर गप्प बसलेले. मी त्यांना ओढूनच नेलं. "मला काय ऐकू येनार हाय, पोरी?" ते म्हणाले. मी ओरडून सांगितलं, "चहा तर मिळेल!"

साहेबांच्या हॉलमध्ये आम्ही बायका सतरंजीवर अंग चोरून बसलो. समोर तबकडीचं यंत्र होतं, त्याची फिरती ताटली जात्याच्या पाळूएवढी जड. बाजूला अॅम्प्लिफायर, त्यावर काचेचे व्हॉल्व्ह नारिंगी उजळलेले. आणि दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर, सागवानी कपाटासारखे, पॉलिश असं की आमचे चेहरे त्यात दिसावेत. साहेबांच्या बायकोने, मंदावहिनींनी, त्यांवरून पुन्हा एकदा फडकं फिरवलं. आमच्यातली एक कानात कुजबुजली, "एवढ्या पैशांत सौदागरला शेत येईल बघ." तेव्हा तिथे ज्वारी पिकत होती.

साहेबांनी सतारीची तबकडी लावली. "ऐका हं, तारेवरून बोट घसरतं ना, तेसुद्धा ऐकू येईल." आणि खरंच आलं. रोज ज्या तारा-तुकड्यांशी आम्ही झटतो त्यांच्यातून असं काही निघू शकतं, हे मला पहिल्यांदा कळलं. छाती अभिमानाने भरून आली. वळून पाहिलं तर आण्णा दोन्ही हात गुडघ्यांत घालून व्हॉल्व्हच्या उजेडाकडे बघत बसले होते. लहान मूल दुकानातल्या खेळण्याकडे बघतं तसे.

मग साहेबांनी पखवाजाची तबकडी लावली. आण्णा एकदम मान उचलून जमिनीकडे पाहू लागले. उठले, सरळ स्पीकरपाशी गेले आणि त्या चकचकीत सागवानावर त्यांनी आपला घट्टे पडलेला तळवा ठेवला. मंदावहिनींच्या तोंडून "अहो" निघालं. आण्णांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी दुसराही तळवा ठेवला, मग गाल टेकवला.

"वाजतंय," ते म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं, खूप मोठ्याने. "सुमन, वाजतंय गं हे!"

साहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "ह्यांचे कान?"

"हॅमर शॉप," मी म्हटलं. आमच्या भागात एवढं सांगितलं की पुरायचं.

साहेब पुढे झाले. त्यांनी बटण फिरवून खर्ज वाढवला. खिडकीची तावदानं थरथरली. त्यांनी आण्णांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं आणि त्यांची पाठ स्पीकरला टेकवली. आण्णांची बोटं मांडीवर चालू लागली. एक ठेका चुकला नाही. मग ते गुणगुणायला लागले, अगदी हळू, पोटातून, आणि ते सुरात होतं. चहाचा ट्रे हातात घेऊन मंदावहिनी तशाच उभ्या राहिल्या. चहा निवून गेला, पण कोणी त्याची आठवण केली नाही.

परत येताना बसमध्ये आण्णा माझ्याशी सबंध वाटभर बोलत होते. दोन वर्षांतलं बोलणं त्यांनी निगडी ते पिंपरी एवढ्यात संपवलं. बसमधली माणसं वळून वळून बघत होती, कारण ते ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी दसरा, आमचा धम्मचक्राचा दिवस. विहारात वंदना चालू होती आणि माझं मन त्या सागवानी कपाटात अडकलेलं. घरी आल्यावर विलासना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, साहेबांची गोष्ट वेगळी. आपण चौघं जन्मभर राबलो तरी त्यातली एक काच यायची नाही." खरंच होतं. पण मी सोल्डरिंग करणारी बाई होते. एखादं यंत्र समोर आलं की ते उघडलं तर आत किती आणि काय असेल, हे मला थोडं थोडं कळायला लागलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांच्या टेबलाशी गेले. "साहेब, तुमच्या त्या सेटातलं काय काय काढून टाकलं तरी आमच्या आण्णांना ऐकू येईल?"

साहेबांनी हातातला घास डब्यात ठेवला. क्षणभर वाटलं, रागावले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि डब्याखालच्या वर्तमानपत्रावरच लिहायला घेतलं. "तबकडीचं यंत्र काढा, त्यांना दुसऱ्याचं गाणं ऐकायचं नाहीये, स्वतःचं ऐकायचंय. तिथे माइक हवा. बारीक आवाजाचे छोटे स्पीकर काढा, ते सूर त्यांच्या कानांना आता लागणारच नाहीत. दोनाऐवजी एकच बाजू पुरे. व्हॉल्व्ह नकोत. सागवान तर नकोच." ते एकेक खोडत गेले आणि त्यांचा चेहरा खुलत गेला. "उरलं काय? एक दणकट अॅम्प्लिफायर, एक मोठा स्पीकर, एक जाड लाकडी खोकं. आणि सुमनबाई, खोकं असं करा की ते त्यावर बसतील. पाठ टेकून जेवढं कळलं त्याच्या दुप्पट कळेल."

रंग खरवडल्यामुळे नापास झालेला एक अॅम्प्लिफायर मागच्या फळीवर पडून होता. तो नापास मालाच्या भावात त्यांनी मला दिला.

अडचण घरात होती. विलासचा आणि माझा बोनस मिळून यंदा पत्रा बदलायचा हे वर्षभर आधी ठरलं होतं. मी स्पीकरचं नाव काढताच आत्या कडाडली. "पत्र्याला भोकं हायेत. पावसात भांडी मांडून बसायचं आन् गानं ऐकायचं व्हय? साहेब लोकांची थेरं ही."

तिचं चुकलं नव्हतं. सगळ्या पावसाळ्यात आमची पातेली जमिनीवर मांडलेली असायची. आजही कोणी उधळपट्टी म्हटली की मला करंदीकर साहेबांचा बंगला आठवत नाही. त्यांच्या डोक्यावर स्लॅब होता. गळक्या पत्र्याखाली बसून गाण्यावर पैसे घालायला निघालेली मी, खरी उधळी मीच.

चार दिवस आत्या माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "त्यांनी पेटी टांगली तवापास्नं ह्या घरात कुनी गुनगुनलं न्हाई. म्या बी न्हाई." तव्यावरची भाकरी उलटून ती पुढे म्हणाली, "पत्रा फुडल्या साली बघू. भांडी हायेत की."

बोनस झाला त्या संध्याकाळी विलास आणि मी पिंपरी कॅम्पात गेलो. कॅम्पात दिवाळीची झुंबड होती. आमच्या घरी दिवाळी नव्हती, पण बोनसच्या बाजाराचा आनंद सगळ्यांचा सारखाच. रेडिओच्या दुकानातल्या सिंधी शेठने आम्हाला बारा इंची स्पीकर दाखवला आणि काळजीने म्हणाला, "बाई, ये तो मंडप का है. घर में लगाओगे तो घर हिलेगा."

"शेठ, घरच हलवायचंय," विलास म्हणाले.

कंपनीच्या भंगारात परदेशी यंत्रांच्या पेट्यांच्या जाड फळ्या मिळायच्या. विलासनी त्या आणल्या आणि ओट्यावर काम सुरू झालं. आण्णांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, अंथरुणं ठेवायची पेटी करताहेत. ते स्वतःच रंधा घेऊन बसले आणि सांधे असे बसवले की सुई जाऊ नये. पुढच्या फळीला विलासनी गोल भोक पाडलं तेव्हा मात्र ते चिडले. "चांगल्या पेटीला भोक कशापायी पाडतो रं? उंदरं जातील!" आत्या तोंडाला पदर लावून घरात पळाली. आत आम्ही जुन्या गादीचा कापूस भरला, फटींत भुसा आणि सरस.

रविवारी सकाळी सगळं जोडलं. मी अॅम्प्लिफायरमधले सोल्डरिंगचे डाग पुन्हा एकदा तपासले, माझ्याच टेबलावरचे असले तरी. विलासनी वाशाला टांगलेली पेटी उतरवली. फडकं सोडताना धुळीचा लोट उठला. आता आण्णांच्या लक्षात आलं. ते दारात उभे राहिले आणि मान हलवत म्हणाले, "न्हाई. मला न्हाई जमायचं."

आत्या पुढे झाली, त्यांचा हात धरून तिने त्यांना खोक्यावर बसवलं आणि माइक हातात दिला. मी बटण फिरवलं.

अशी शिट्टी सुटली की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. आम्ही सगळ्यांनी कानांवर हात घेतले. शेजारची तान्ही पोर रडायला लागली. एकटे आण्णा शांत बसले होते. "काय झालं? समदी अशी का करताय?" त्यांना ती शिट्टी ऐकूच येत नव्हती. आम्ही इतके हसलो की बटण बंद करायचंही सुचेना. शेवटी साहेबांनी शिकवलेलं आठवलं आणि मी त्यांचा माइक धरलेला हात खोक्यापासून लांब केला.

मग ते "हं" म्हणाले. एवढंच. खोक्यातून तो हुंकार उठला आणि त्यांच्या मांड्यांतून, पाठीच्या कण्यातून वर गेला, हे आम्हाला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पुन्हा म्हणाले. मग पेटीच्या खालच्या सुरावर विलासनी बोट ठेवलं, माइक पेटीजवळ नेला, आणि आण्णा तो सूर शोधू लागले. अंधारात भिंत चाचपत दाराशी यावं तसे. थोडे खाली गेले, थोडे वर आले, आणि मग सापडला. आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडाने ती सारखी म्हणत होती, "तोच. तोच त्यांचा आवाज."

दोन दिवसांनी करंदीकर साहेब स्कूटरवरून मुद्दाम आले. त्यांनी उभ्याने एक सबंध गाणं ऐकलं. खोकं घुमत होतं, पत्रा थरथरत होता, फळीवरची भांडी ताल धरत होती. गाणं संपल्यावर साहेब माझ्याकडे वळले. "सुमनबाई, खरं सांगू? इतका वाईट आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता." आणि हसत हसत आण्णांना खुणेने म्हणाले, "जरा सरका." ते आण्णांना खेटून खोक्यावर बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "पुन्हा एकदा."

पुढे मला समजलं की तो बंगल्यातला सेट घेताना साहेबांच्या घरातही बरेच दिवस अबोला होता. मंदावहिनीच मला हसून म्हणाल्या, "खोल्या चार आहेत, त्यातल्या तीन ह्यांच्या आवाजाच्या." साहेबांच्या सेटमध्ये काय नव्हतं! आणि तरी मला त्यांचा हेवा वाटला नाही, ना आमच्या खोक्याची लाज. तारेवरून घसरणारं बोट ऐकायला तेवढा खर्च लागतो, तो ज्याला झेपेल त्याने करावा. मी ते बोट ऐकलं म्हणूनच तर मला आमचं खोकं सुचलं.

आमचा पत्रा त्याच्या पुढच्या वर्षी बदलला. आण्णा त्या खोक्यावर बसून आणखी नऊ वर्षं गायले. पण ह्या ऋतूत मला आठवतो तो खोकं केलं त्याच वर्षीचा थंडीच्या तोंडावरचा रविवार. दुपारी विहाराच्या अंगणात गाणं ठरलं होतं. हातगाडीवर खोकं लादून आम्ही नेलं. वस्ती लोटली होती. आण्णांनी सुरुवात केली, आणि तेवढ्यात फाटकातून दहा-बारा माणसं आत आली. धुतलेले सदरे, भाजलेले हात. हॅमर शॉपची माणसं होती ती. आण्णांबरोबर घणाशी उभे राहणारे निघोज्याचे बबनराव सगळ्यांत पुढे. ती मागे खुर्च्यांवर जाऊन बसली आणि समोर बघत राहिली. त्यांच्या चेहऱ्यांवर काही हलत नव्हतं. मला एकदम समजलं. त्यांनाही काहीच ऐकू येत नव्हतं. मित्र गातोय म्हणून ती नुसती बघायला आली होती.

मी उठले. बबनरावांचा हात धरला, त्यांना सगळ्या माणसांतून पुढे आणलं आणि त्यांचा तळवा खोक्यावर ठेवला. ते दचकले. मग त्यांनी मागे वळून आरोळी ठोकली, "या रं! हितं या!" एकेक जण उठून आला. शेकोटीभोवती बसावं तशी ती सगळी माणसं खोक्याभोवती दाटीवाटीने बसली, कोणी पाठ टेकून, कोणी गाल लावून. एकाने तर दोन्ही हातांनी मिठीच मारली. वर आण्णा गात होते. बबनरावांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मान बरोबर समेवर पडत होती.

"सुमन!" ते डोळे न उघडताच ओरडले. सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. "वाढव की गं अजून!"

मी बटण शेवटपर्यंत फिरवलं.